झेफला दांड्यावर सोडलं

११ जून, मंगळवार

झेफने आज डाव्या हाताने गळाचा दोर फेकला! अंगणात, गवतावर. समोर त्याच्या बायकोची, इनेसची, कपड्यांची टोपली ठेवली होती. दोराच्या टोकाची खोटी, पिसांची माशी त्या टोपलीत पडायला हवी, असा खेळ. पहिल्यांदा दोर त्याच्याच टोपीला गुंडाळला. मग इनेसच्या टोमॅटोच्या रोपांना. मग मात्र माशी अलगद जाऊन टोपलीच्या काठाला टेकली. झेफ माझ्याकडे बघून हसला. अर्ध्या तोंडाने. आता तेवढंच हसता येतं.

गेल्या ऑक्टोबरात झटका आल्यापासून उजवा हात नुसता लटकतो. जीभ जड. एकेक शब्द ओढून काढावा लागतो. शिव्या मात्र खणखणीत! आजोबांनी अझोरेसच्या बेटांवरून आणलेल्या, जुन्या पोर्तुगीज शिव्या. टोमॅटोत दोर अडकला तेव्हा अशी एक हाणली की ओट्यावर बसलेली इनेस ओरडली— "अगं ऐक, ऐक तुझ्या भावाचं! पाणी मागायला अर्धा दिवस लावतो, आणि हे बघ! एक अक्षर चुकत नाही!"

हसून हसून पोट दुखलं.

मला हे सगळं याच माणसाने शिकवलं. बाबा म्हणायचे, पोरींनी मासे साफ करावेत. झेफ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तेव्हा शिंपल्या काढायला जायचा. त्याने मला होडीत घातलं, दांड्यावर, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर, नेऊन गुडघाभर पाण्यात उभं केलं. "ओडेट, पाणी बघू नको, तळ बघ. वाळूवरून सावली सरकली की तो पट्टेरी." चाळीस वर्षं झाली. तेवढ्या एका वाक्यावर मी आज पोट भरते. बॉस्टनहून, कनेक्टिकटहून लोक येतात, माझ्या होडीत बसून पट्टेरी मासे शोधतात.

शनिवारी दांड्यावर नेते म्हटलं. त्याचे डोळे भरून आले. मी उगाच दोर गुंडाळत बसले.


१२ जून

पट्टेरी आले! ओहोटीच्या पाण्यात पाठी दिसत होत्या. कुणालाही सांगितलं नाही.


१३ जून, गुरुवार

लँगफर्ड यांचा फोन. हे कनेक्टिकटच्या मासेमारांच्या एका मंडळाचे अध्यक्ष. मंडळ मोठं हौशी. आमिष लावणाऱ्याला ते मासेमार समजतच नाहीत. फक्त हलकी काठी, पिसांची माशी, आणि मासा डोळ्यांनी बघून मगच दोर फेकायचा. मी पसंत पडले तर सगळं मंडळ सप्टेंबरात माझ्याकडे. त्यांना शनिवारच हवा.

मी हो म्हणून टाकलं! फोन ठेवल्यावर झेफ आठवला.

मग तोड काढली. आधी झेफला दांड्याच्या उत्तर टोकाला सोडायचं. मग धक्क्यावरून लँगफर्डना घ्यायचं, दक्षिण टोकाला न्यायचं. दांडा लांबलचक आहे, एकाला दुसरा दिसायचाही नाही. भरती लागली की दोघांनाही होडीत घ्यायचं. लँगफर्डना सांगायचं— माझा भाऊ आहे, मला यानेच शिकवलं.

सांगायला काय हरकत आहे?

खरं लिहू? हरकत वाटते. झेफच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येते. चालताना पाय ओढतो. परवा धक्क्यावर दोन पाहुण्या बायका त्याच्याकडे बघून बाजूला सरकल्या. आणि मीसुद्धा— पाऊलभर. त्याला कळलं नसावं.


१५ जून, शनिवार, सकाळी

घाई. झेफ माझ्याआधी धक्क्यावर! इनेसने दोघांसाठी पावात लिंगिसा, आमचं पोर्तुगीज सॉसेज, भरून दिलाय, आणि झेफच्या गळ्यात शिट्टी अडकवलीय, शाळेतल्या पोरासारखी. तो वैतागलाय. दिवस झकास आहे. वारा नाही.


१५ जून

आज रात्री काही लिहिणार नाही.


१७ जून, सोमवार

लिहिते. कुणाला सांगता येत नाही, निदान इथे तरी.

झेफला ठरल्याप्रमाणे उत्तर टोकाला सोडलं. "इथेच राहा. भरती लागली की येते." त्याने मान हलवली. त्याचा मोबाइल माझ्या होडीतल्या पिशवीतच राहिला, तो मोबाइल एका हाताने चालवताही येत नाही त्याला. मग लँगफर्डना आणलं. सभ्य माणूस. उंच, शांत, कपडे सगळे वाळूच्या रंगाचे. होडीत बसल्यावर भावाचं सांगायचं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, परतताना सांगू.

सकाळ छान गेली. त्यांनी दोन मध्यम पट्टेरी घेतले, हात ओले करून, अलगद परत सोडले. मग एक मोठा दिसला. मोठा म्हणजे— मी गेल्या कित्येक वर्षांत एवढ्या उथळ पाण्यात असा पाहिला नव्हता. वाळूवर खेकडे हुंगत, संथ, आमच्याच दिशेने. मी कुजबुजले, "थांबा... थांबा... आता." त्यांनी दोर फेकला. सुंदर फेकला. माशी त्याच्या वाटेवर, बरोबर पुढे पडली. मासा वळला. माशीवर आला. तोंड उघडणार—

"ओ... देट! ओ... देट!"

झेफ! दांड्यावरून तिकडून चालत, पाय ओढत, पाणी उडवत येत होता. डाव्या काखेत काठी, आणि त्याच हाताने जबड्यात धरून पाण्यातून ओढत आणलेला— मासा. पट्टेरी. बेताचाच, पण पट्टेरी! डाव्या हाताने घेतलेला पहिला. सकाळभर तिथे एकटा उभा राहून त्याने मासा घेतला होता, आणि मला दाखवायला एवढा लांब चालत आला होता. तोंडातून लाळ गळत होती, टोपी कुठे तरी पडली होती. हसत होता.

आमचा मोठा मासा वाळूचा ढग उडवून गेला.

लँगफर्ड चिडले नाहीत. हेच मला जास्त टोचतं. ते म्हणाले, "त्या माणसाला काही मदत हवी आहे का? तुमच्या ओळखीचा आहे?"

आणि मी म्हटलं, "नाही हो. गावातला आहे कुणीतरी. असाच फिरत असतो. लक्ष देऊ नका."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने. काही विचार न करता, जीभ जराही न अडखळता.

झेफ आमच्यापासून फार लांब नव्हता. पाण्यावरून आवाज जातो. तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघितलं. मग तो खाली वाकला, एका हाताने जमेल तसा मासा पाण्यात धरून ठेवला, मासा सावरून गेला तेव्हा उठला, आणि आल्या वाटेने परत निघाला.

लँगफर्ड म्हणाले, "मासा सोडायचं कळतं त्याला." मी म्हटलं, "हं."

थोड्या वेळाने समुद्राकडून गार हवा आली. धुकं येणार हे मला कळलं. पाणीही फिरलं होतं. होडीत बसलो. आता उत्तर टोकाला जायचं, झेफला घ्यायचं. पण आता कसं घेऊ? काय म्हणू? "हा गावातला कुणीतरी माझा भाऊ आहे"? होडी त्याच्यासमोरून गेली. तो वाळूवर बसला होता, गुडघ्यावर काठी. त्याने हात वर केला नाही. मी थांबवली नाही. मनात म्हटलं, यांना धक्क्यावर सोडते, लगेच वळते. कितीसा वेळ लागतोय!

धक्क्यावर लँगफर्ड बोलत राहिले. सप्टेंबरचं, मंडळाचं, कोणाकोणाला आणणार त्याचं. माझ्या होडीबरोबर फोटो काढू म्हणाले. मी काढून घेतला. हसले त्या फोटोत! मागे बघितलं तर बंदराचं तोंड दिसेना.

मग मी होडी जी सोडली— धुक्यात नाक दिसत नव्हतं. यंत्रावर बघून दांड्यापाशी पोचले. जिथे झेफ बसला होता तिथे पाणी होतं. इंजिन बंद केलं. हाका मारल्या. "झेफ! झेफेरिनो! शिट्टी वाजव!" काही नाही. जरा पुढे. पुन्हा बंद. पुन्हा हाका. घसा फाटला. या बाजूला सील असतात, आणि सीलच्या मागे शार्क येतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बिनतारीवर बंदराच्या साहेबांना कळवलं. ते विचारत होते, "शेवटचा कुठे दिसला?" मी म्हटलं, "उत्तर टोकाला सोडला होता. ठरल्या जागी नाहीये."

ठरल्या जागी नाहीये. म्हणजे दोष त्याचा.

कोरा बर्जेसने शोधला. ती दांड्याच्या पलीकडे कालवं वाढवते, खांब रोवून. धुक्यामुळे काम आवरून निघाली होती, तेवढ्यात शिट्टी ऐकली. झेफ तिच्या शेवटच्या खांबाला डाव्या हाताने मिठी मारून उभा होता, छातीभर पाण्यात, ओठ निळे. शिट्टी दातांत, आणि काठी तेवढी सोडली नव्हती, काखेत दाबून धरली होती.

बिनतारीवर कोराचा आवाज आला— "ओडेट, तुझा म्हातारा सापडला गं! जिवंत आहे, शिव्या देतोय!"

मी होडीच्या तळाशी बसून रडले. सुटल्याच्या आनंदाने. आणि त्यातही, देवा, मनाच्या एका कोपऱ्यात— याला कुणाला काही सांगता येणार नाही, हा विचार आलाच.


१८ जून

हायनिसच्या हॉस्पिटलात. बरा आहे. छातीत थोडं पाणी आहे, उतरेल म्हणतात. मी आत गेले तर भिंतीकडे बघत होता. इनेसने मला मिठी मारली. "तू नसतीस तर गं! लगेच बिनतारीवर कळवलंस म्हणून. साहेब म्हणाले, ओडेट घसा फुटेपर्यंत हाका मारत होती."

मी "बस गं" म्हटलं. लोकांना तो विनय वाटतो.


१९ जून, बुधवार

घरी कोबीचं सूप आलं. तीन घरांतून! गोड पाव आला. चर्चमध्ये फादरनी माझं नाव घेतलं. गावच्या पेपरात चार ओळी— आजारी भावाला धुक्यात शोधणारी बहीण. कोराचं नाव मागे, माझं पुढे.

कोरा पेट्रोल भरायला आली होती. तिला पेपराचं काही नाही. म्हणाली, "एक कळत नाही मला. डोकं फिरलेला माणूस माझ्या खांबांपर्यंत कसा आला? दोन्हीकडे खोल आहे. मधे एक उंचवटा आहे तेवढाच, तोही बुडालेला. धुक्यात मलाही सापडला नसता. पाय कुठे ठेवायचा हे बरोबर माहीत होतं त्याला."

मी म्हटलं, "नशीब."

नशीब कसलं! झेफने तो उंचवटा मला दाखवला होता, मी लहान असताना. त्याचं डोकं शाबूत आहे. कोराला नुसता संशय आहे. मला ठाऊक आहे, आणि मी गप्प आहे.


२१ जून, शुक्रवार

झेफ घरी आला. डॉक्टरांनी इनेसला सांगितलं म्हणे, असे पेशंट भरकटतात, जागेचं भान राहत नाही, पाण्याजवळ एकटं सोडू नका. इनेसने लगेच मनावर घेतलं. त्याचे पाण्यात घालायचे लांब बूट चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकले. काठ्या माळ्यावर. अंगणाच्या फाटकाला कडी.

"मला तरी कुठे बरं वाटतं गं," म्हणाली. "पण पुन्हा गेला तर? तू सांगितलंस तिथे थांबला असता तर झालं असतं का हे?"

झेफ खुर्चीत बसला होता. सगळं ऐकत होता. मला वाटलं आता बोलेल. शिवी तरी देईल. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तो का बोलत नाही? शब्द जमत नाहीत म्हणून? की मला वाचवतोय? वाचवत असेल तर ते नको. त्यापेक्षा त्याने चारचौघांत माझी अब्रू काढलेली परवडेल.


२२ जून

दोन गिऱ्हाइकांना नेलं. दांड्याकडे नाही, दुसऱ्या खाडीत. मासे नव्हते. बरं वाटलं.


२३ जून, रविवार

लँगफर्ड यांचा फोन. मला वाटलं, सप्टेंबरचं.

म्हणाले, "माझ्या एका मित्राने तुमच्या गावचा पेपर पाठवला. त्यात तुमचं नाव आहे, वाचवलेल्या भावाची बहीण म्हणून. आणि शनिवारचीच गोष्ट आहे."  मग— "दांड्यावरचा तो माणूस तुमचा कोण?"

"भाऊ."

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आपण त्याच्यासमोरून गेलो. होडीत जागा होती."

"हो."

आवाज चढवला नाही. भाऊ कसा आहे ते विचारलं. बरा आहे म्हटलं. "त्याला माझ्याकडून सांगा, मासा फार छान सोडला." आणि फोन ठेवला. सप्टेंबर गेला. गेला तर जाऊ दे. हा माणूस मला शिव्या घालता तर माझी सुटका झाली असती.

दुपारभर होडी घासत बसले. घासून घासून रंग निघाला.


२४ जून, सोमवार

संत जॉनचा दिवस. इनेस दर वर्षी आजच्या दिवशी मालासादा, आमच्या गोड पुऱ्या, तळते. आज ठरवूनच गेले. आधी तिला सांगायचं, कारण कडी तिच्या हातात आहे.

ती पिठाचे गोळे ओढून पातळ करत होती, मी तेलाजवळ उभी. म्हटलं, "इनेस, झेफ ठरल्या जागीच होता. मीच थांबले नाही."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. मासा, लँगफर्ड, गावातला कुणीतरी. फोटोसुद्धा. तिचे हात चालूच होते. मालासादा तेलात काळा पडला तरी तिने काढला नाही.

मग म्हणाली, "तुझी लाज वाटली होती का त्याला कधी? तू शाळा सोडलीस तेव्हा? नवरा टाकून आलीस तेव्हा?"

"नाही."

"बंदरावर बोटीतून उतरलीस ना, तर अख्ख्या धक्क्याला ओरडून सांगायचा, माझी बहीण आली म्हणून! मला लाज वाटायची त्याच्या ओरडण्याची." चूल बंद केली. "आणि मी त्याला फाटकाच्या आत कोंडला. वेड्यासारखा. तुझ्या तोंडच्या शब्दावर!"

"इनेस—"

"मला नको सांगूस. त्याला सांगितलंस?"

"त्याला माहीत आहे."

"माहीत आहे ते वेगळं. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला. जा. आणि मग माझ्या घरातून जा. काही दिवस दिसू नकोस मला."

झेफ मागच्या ओट्यावर होता. मी त्याच्या खुर्चीपाशी खाली बसले. म्हटलं, "झेफ, त्या माणसापुढे मला तुझी लाज वाटली. म्हणून तुला ओळख दिली नाही. ओळख दिली नाही म्हणून होडी थांबवता आली नाही. तू काही चुकला नाहीस. मी इनेसला सांगितलंय."

तो खाली बघत होता. त्याचा चेहरा— राग नव्हता. मला वाटलं होतं राग तरी असेल, किंवा माया. तसंही काही नव्हतं. उलट त्यालाच कशाचा तरी संकोच झाल्यासारखा! हात हलवला, जा असा. मी गेले.


२५ जून

कोराला सांगितलं. तिच्या कालवांच्या तराफ्यावर जाऊन, तिच्या माणसांदेखत. ती म्हणाली, "हं. आता उंचवट्याचं कळलं." मग पाठ वळवून कामाला लागली. पेट्रोलपंपावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. लोक नमस्कार करतात, पण चाल मंदावत नाही.

असू दे. हे माझं आहे.


२८ जून, शुक्रवार

इनेसने चर्चच्या बाजारातून झेफचे बूट स्वतः विकत परत आणले. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. काठ्याही माळ्यावरून उतरवल्या. फाटकाची कडी काढली.

पण झेफ बाहेर पडत नाही म्हणे. बूट दाराशी तसेच आहेत. मी लांबून, रस्त्यावरून बघून आले. ओट्यावर बसला होता. डावा हात मांडीवर. माझ्यामुळेच, दुसरं काय. मी त्याच्यातलं काहीतरी मोडलं.


१ जुलै

पाऊस. गिऱ्हाईक नाही. अकरा माश्या बांधल्या, डाव्या हाताने बांधून बघितल्या. एकही धड नाही. तो सगळं नव्याने कसा शिकला असेल! कितीदा पडलं असेल हातातून, कुणी बघत नसताना. मला ते बघायला जायचं कधी सुचलं नाही. मी शनिवारी जायची, जमेल तेव्हा.


४ जुलै, गुरुवार

गावात मिरवणूक, फटाके, हजार पाहुणे. मी धक्क्यावरच थांबले. इनेस आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो काही खात नाही धड. तुझ्यावर रागावलाय का विचारलं, तर मान नाही म्हणून हलवतो. मग काय झालंय विचारलं तर रडतो. माझ्याने होत नाही गं ओडेट. तूच ये."

"तू ये म्हणालीस तर येते."

"मी अजून रागातच आहे," म्हणाली. "पण ये."


६ जुलै, शनिवार

झेफच आला. सकाळी, एकटा, पाय ओढत, धक्क्यापर्यंत. होडीत बसला. मी इंजिन लावायला गेले तर नको म्हणाला. बांधलेल्या होडीतच बसलो.

बोलायला फार वेळ लागला त्याला. मी मधे शब्द पुरवले नाहीत.

धुक्यात त्याने माझी हाक ऐकली होती. पहिलीच. मी इंजिन बंद केलं तेसुद्धा ऐकलं. इतकी जवळ होते मी. शिट्टी त्याच्या हातात होती.

"मग वाजवली का नाहीस?"

"नको... वाटलं."

"माझ्या होडीत यायला?"

मान हलवली. नाही. "काहीच... नको. सगळं... संपू दे. असं. झटक्या... पासून."

मी त्याचा हात धरला. लुळा हात माझ्या बाजूला होता, तोच धरला.

माझ्या हाका लांब जाईपर्यंत तो पाण्यात गप्प उभा होता. मग पाणी कमरेवर आलं. मग, म्हणाला, भीती वाटली. जगावंसं वाटलं. एकदम! तेव्हा उंचवटा शोधला.

सगळे मला दोष देत होते, मी त्याची माफी मागत होते, आणि तो हे पोटात घेऊन बसला होता. लाजेने.

"इनेसला... सांगू... नको."

"सांगायचं," मी म्हटलं. "आत्ता. मी आहे बरोबर."

त्याने एक शिवी दिली. मग उठला.